राणी असल्याचा दाखला

सांता इझाउरा,
१४ जानेवारी २०२५

प्रिय देओलिंदाताई,

आधी आशीर्वाद दे. (दिलास असं धरून पुढे लिहिते. मोठ्यांचा आशीर्वाद मागितल्याशिवाय पत्राची पहिली ओळ लिहायची नाही, ही आईची शिकवण मी मोडलेली नाही. बाकीच्या किती मोडल्या ते पुढे येईलच.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचं ऑपरेशन झाल्यापासून उजवा रुसलाय, असं अमादेऊभावोजींनी नाताळात ओर्लांदोला सांगितलं. भावोजींचा खोकला थांबला का? मागच्या दारची लिंबं गारठ्यातून वाचली का? इकडे आम्ही दोघं ठीक. ओर्लांदोची तब्येत उत्तम, डोकं मात्र अजून गोठ्यात. गाई विकून चार वर्षं झाली, तरी हा माणूस पहाटे उठतो, बूट चढवतो, मागे जातो, तिथे बदामाची झाडं बघतो आणि कुणीतरी फसवल्यासारखा परत येतो.

तू म्हणशील, फोन सोडून हे पत्र कशाला? तर ताई, फोनवर तू एकदा ‘हं’ म्हणतेस आणि दुसऱ्या ‘हं’ला ठेवून देतेस. हॅनफर्ड इथून दीड तासावर, पण आपल्या दोघींच्या बोलण्याला तेवढासुद्धा वेळ कधी मिळालेला नाही. पत्र निदान मध्येच ठेवून देता येत नाही. तेव्हा खुर्चीत बस आणि वाच. उभ्याने वाचू नकोस. मला जे पत्र आलं ते मी उभ्याने वाचलं आणि हातातली मिरचीच्या लोणच्याची बरणी गेली, शिवाय ओर्लांदोचे नवे मोजे गेले. मी अजून धक्क्यातून बाहेर आलेली नाही. सहा दिवस झाले. परवा कॉफीत मीठ घातलं आणि ओर्लांदोने ते पिऊन टाकलं, कारण माझा चेहरा पाहून त्याला बोलायचं धाडस झालं नाही.

पण माझा धक्का सांगण्याआधी तुला एक छोटा धक्का द्यावा लागेल. मंगळवारी आणि गुरुवारी मी चर्चच्या गायनाच्या सरावाला जाते, असं जे तुला तीन वर्षं सांगत आले, ते खरं नाही. (तू मला गाताना ऐकलं आहेस. तुला शंका यायला हवी होती.) मी कॉलेजात जाते. हायवेपलीकडच्या कम्युनिटी कॉलेजात, पाठीला दप्तर लावून, वय वर्षं चोपन्न. गाई गेल्या तेव्हा मला एकदम लक्षात आलं, की बावीस वर्षं मी वासरांना नळीने दूध पाजलं, हगवण लागली की मीठ-साखरेचं पाणी दिलं, काही वाचली, काही गेली, आणि का वाचली नि का गेली ते मला काडीचं ठाऊक नाही. म्हणून जीवशास्त्राचा एक वर्ग घेतला. फक्त एक. मग त्या एकाला समजायला रसायनशास्त्र लागलं, रसायनशास्त्राला गणित लागलं (गणित, ताई! मला! तुझ्या वहीतून उत्तरं उतरवणारीला!), आणि बघता बघता मी तिथे इतकी रुळले, की वाहनतळावरचा रखवालदार मला प्राध्यापक समजून सलाम करायला लागला. मी तो सलाम घेते. भाषणकलेच्या वर्गात मी ‘अडलेलं वासरू कसं ओढून काढावं’ यावर सात मिनिटं बोलले, हातवारे करून. पुढच्या रांगेतली एक मुलगी आडवी झाली, आणि मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

तर या कॉलेजाची रीत अशी, की इथे दोन वर्षं (माझी तीन) शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठाने बोलावलं तर उरलेली दोन तिथे जाऊन पुरी करायची. बोलावलं तर. पाचातल्या चौघांना ते गोड शब्दांत घरी बसवतात. मी अर्ज केला आहे ताई. खाडीकाठच्या त्या मोठ्या विद्यापीठात. होय, त्याच. आता पाणी पी आणि पुढे वाच.

अर्ज करणं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी गाई परत विकत घेतल्या असत्या. आपल्याकडचा प्रत्येक विषय त्यांच्याकडच्या कुठल्यातरी विषयाशी जुळावा लागतो. ‘जनावरांचं खाद्य’ हा विषय मी हौसेने घेतला, त्यात पहिली आले, आणि मग कळलं की तो कशाशीच जुळत नाही. रसायनशास्त्र जुळतं, पण दोन्ही भाग घेतले तरच. एकच घेतला तर अर्धंही जुळत नाही. आमच्या सल्लागार आहेत मिस वांग. वय सव्वीस, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि दरारा बाबांएवढा. त्यांच्या खोलीत भिंतभर तक्ता आहे. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “बोर्बाबाई, एक विषय राहिला तर सगळं राहिलं.” मी तो तक्ता पाहिला आणि मला मळणीयंत्राचा आतला भाग आठवला. पण केलं. एकेक करून सगळं जुळवलं. मागच्या उन्हाळ्यात उरलेलं संख्याशास्त्र केलं, एकशे आठ डिग्रीत, एसी बंद पडलेल्या खोलीत, आजूबाजूला एकोणीस वर्षांची मुलं, आणि सगळी मला ‘मिसेस बी’ म्हणून गृहपाठ विचारणारी.

मग निबंध. स्वतःबद्दल चार निबंध, प्रत्येकी साडेतीनशे शब्द. ताई, मी स्वतःबद्दल जन्मात साडेतीनशे शब्द सलग बोललेली नाही. पापं सांगायला गेले तरी फादर दुसऱ्या वाक्याला क्षमा करून मोकळे होतात. मी लिहिलं, ‘मी वासरं सांभाळली. ती बरी होती.’ मिस वांग म्हणाल्या, “बोर्बाबाई, हा निबंध आहे की तार? जरा बढाई मारा ना!” मी म्हटलं, “आमच्यात बढाई मारणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मी इथे सांगू शकत नाही.” त्यांनी कपाळाला हात लावला. निबंध शेवटी झाले. मग तक्ता आला : कामं, सेवा, पुरस्कार. कामं, बावीस वर्षं वासरं. सेवा, एकतीस वर्षं उत्सवाच्या स्वयंपाकघरात अठराशे माणसांचा मांसरस्सा ढवळणं. पुरस्कार? मी विचार करकरून डोकं शिणवलं. आयुष्यात मला कुणी काही दिलेलं नाही, एकदा टोस्टर सोडला तर. रकाना मोकळा बरा दिसेना. शेवटी एक आठवलं आणि मी लिहून टाकलं : ‘राणी, १९८६.’

बस. एवढंच. पुढे ना मागे एक अक्षर नाही. कारण मला वाटलं, राणी म्हणजे काय हे कुणाला माहीत नसतं? या खोऱ्यात आपल्या पोर्तुगीज लोकांपैकी कुणालाही विचार, ‘अमकी ब्याण्णवची राणी’ म्हटलं की तो तिचे आजोबा, गोठा आणि झगड्यातली जमीन सगळं सांगेल. आणि नोव्हेंबरअखेर मी अर्ज धाडून दिला.

आता माझा धक्का. सहा दिवसांपूर्वी विद्यापीठाचं पत्र आलं. ते म्हणे, हजारो अर्जांतून सोडतीसारखे काही अर्ज उचलतात आणि त्यातली एखादी गोष्ट सिद्ध करायला सांगतात. माझा अर्ज उचलला. ठीक. मी म्हटलं, विचारा, वासरांबद्दल विचारा, रश्श्याबद्दल विचारा, शंभर साक्षीदार आणते. त्यांनी काय विचारलं असेल? ‘अर्जात नमूद केल्याप्रमाणे आपण १९८६ साली राणी असल्याचा पुरावा ३१ जानेवारीपर्यंत पाठवावा, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.’ बरणी तेव्हाच पडली. ओर्लांदो धावत आला, पत्र वाचलं, मोजे झटकले आणि गंभीरपणे म्हणाला, “कुठल्या देशाची, असं विचारलंय का?” मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही.

मिस वांगना फोन केला. त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. त्या म्हणाल्या, “राणी? बाई, मला वाटलं ते तुमच्या एखाद्या गाईला मिळालेलं बक्षीस असेल.” मग मी त्यांना समजावलं, की दरवर्षी पवित्र आत्म्याच्या उत्सवात एका घरची मुलगी राणी होते, डोक्यावर चांदीचा मुकुट, खांद्यावरून बारा फुटांची मखमली झूल (तू तिला ‘केप’ म्हण, आपल्या घरात ती झूलच होती), दोन्ही बाजूंना दोन करवल्या, आणि अशी ती हॉलपासून चर्चपर्यंत सगळ्या गावापुढून चालते. त्या म्हणाल्या, “छान आहे. मग दाखला आणा. आता ती ओळ मागे घेता येणार नाही. खोटी ठरली तर चारही निबंध, तिन्ही वर्षं, सगळं पाण्यात.”

मी गाडी काढून थेट हॉलवर. चिटणीस अजून सेराफिमकाकाच आहेत, चौऱ्याऐंशीचे, ऐकू कमी येतं पण सोयीचं सगळं येतं. म्हटलं, “काका, एक दाखला हवाय, शहाऐंशीला राणी मी होते म्हणून.” त्यांनी कपाटातून वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि म्हणाले, “शहाऐंशी. राणी, देओलिंदा सिल्वेरा. करवली, नातेर्सिया सिल्वेरा. तू करवली होतीस, पोरी.” मी म्हटलं, “काका, त्या दिवशी ताईला गालगुंड झालं होतं. झूल घालून मी चालले. तुम्हीच मुकुट सरळ केला होता माझा, तो नाकावर येत होता!” ते म्हणाले, “वहीत आहे ते आहे.” “पण तुम्ही पाहिलंत ना?” “मी पुष्कळ पाहिलंय. वहीत आहे ते आहे.” आणि वर बोट केलं. भिंतीवर सोनेरी अक्षरांची पाटी. १९८६, देओलिंदा. एकतीस वर्षं मी त्या पाटीखालून रश्श्याची पातेली नेते आणि मान वर करून एकदाही वाचली नव्हती. मी तिथेच बाकावर बसले. काकांनी मला पाणी दिलं आणि वर म्हणाले, “तुला कॉलेजाचं काय पडलंय? बदामाला भाव बरा आहे.”

तर ताई, असा हा प्रकार. मी राणी होते आणि नव्हते. मोठ्या विद्यापीठाचं दार सतरा दिवसांत बंद होणार, आणि का, तर वासरांत नाही, रसायनात नाही, संख्याशास्त्रात तर नाहीच नाही, मी एका मुकुटात नापास होणार. कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुला लिहिलं. बाकी काही नाही. तुझ्याकडून काही नको. गुडघ्याला शेक घे. भावोजींना माझा नमस्कार, लिंबांना पोतं गुंडाळ.

तुझी धाकटी,
नातेर्सिया

ता. क. तुझ्याकडून काही नको हे खोटं आहे. सोबत एक कागद आहे आणि तिकीट लावलेलं पाकीट. विद्यापीठ म्हणतं, वही नसेल तर प्रत्यक्ष माहीत असलेल्या व्यक्तीचं सहीचं निवेदन चालेल. मी टाइप करून ठेवलं आहे, दोनच ओळी : ‘१९८६ च्या उत्सवात राणी म्हणून माझी बहीण चालली. मी चालले नाही.’ मला कळतं मी काय मागते आहे ते. मागच्या उत्सवात सगळ्या जुन्या राण्यांना मंचावर बोलावलं तेव्हा तू खांद्यावर फीत लावून वर गेलीस, आणि तुझी नात किती जोराने ओरडली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पळी हातात घेऊन टाळ्या वाजवल्या. (पळीमुळे नीट वाजल्या नाहीत.) तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. आताही मंच तुझाच राहू दे, पाटी तुझीच राहू दे. फक्त हा एक कागद, तो कुणी इकडचा वाचणार नाही.

ता. क. दोन. वरचं लिहून झाल्यावर निवेदनाचा कागद पुन्हा पाहिला. खाली एक रकाना आहे : ‘आपण त्या वेळी कुठे होता?’ ताई, तिथे गालगुंड लिहू नकोस. सहीनिशी खोटं तुझ्याकडून लिहवून घ्यायला माझं मन धजत नाही. तुला गालगुंड झालं नव्हतं. तू मर्सेडच्या बसस्टँडवर होतीस, निळी बॅग घेऊन, सोमवारी त्या विद्यापीठात नाव नोंदवायला निघालेली, त्यांचं बोलावणं अस्तरात शिवून. अठराव्या वर्षी, एका अर्जात, कुणाच्या तक्त्याशिवाय. तू बाबांना सकाळी आठ वाजता बरोबर त्याच बाकावर कशी सापडलीस, हे तू मला कधी विचारलं नाहीस. मी सांगितलं होतं. मी सोळा वर्षांची होते, करवलीचा नवा पिवळा झगा कपाटात टांगलेला होता, आणि मला वाटलं, राणी नसली तर मिरवणूक नाही, मिरवणूक नसली तर झगा नाही. झग्यासाठी सांगितलं. मग तू आलीस, खोलीतून बाहेर यायला नाही म्हणालीस, बाबांनी ते बोलावणं स्वयंपाकघरात फाडलं, आईने ‘गालगुंड’ म्हणून हॉलवर फोन केला आणि झूल माझ्या खांद्यावर टाकली. पिवळा झगा मी त्या दिवशी घातलाच नाही. हे मी आज स्वतःच्या अक्षरात वाचते आहे आणि मलाच विश्वास बसत नाही, की मी इतकी वर्षं तुझ्याकडे दर नाताळात जेवले.

ता. क. तीन. गुरुवार. पत्र पोस्टात टाकायचं तर आज सकाळी ओतिलियाकाकूंचा फोन. (झुली शिवणाऱ्या. नव्वदच्या झाल्या, पण सुई अजून त्यांच्या आज्ञेत आहे.) सेराफिमकाकांनी माझी फजिती त्यांना हसत हसत सांगितली, आणि त्या चिडल्या. त्यांच्याकडे प्रत्येक झुलीची मापाची वही आहे. शहाऐंशीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय : ‘रविवार, सकाळी नऊ. राणी बदलली. थोरलीऐवजी धाकटी. खालून पाच इंच दुमड, टाके मोठे.’ मी विचारलं, “काकू, गालगुंडाचं तुम्हाला खरं वाटलं होतं?” त्या म्हणाल्या, “गालगुंडाची पोरगी भिंतीपलीकडे तशी रडत नाही गं.” त्यांनी निवेदन दिलं, वहीच्या पानाची छायाप्रत दिली, आणि मी दुपारी विद्यापीठाला धाडलंसुद्धा. मिस वांग फोनवर किंचाळल्या. म्हणजे आता तुझी सही लागत नाही. हे पत्रच लागत नाही. चुलीत घातलं असतं तरी माझं काही अडलं नसतं, आणि तुला काहीच कळलं नसतं. तासभर ते हातात धरून बसले. मग पाकिटात घातलं.

ता. क. चार, शेवटची. निवेदनाचा कागद काढून घेतला आहे. त्याच्या जागी दुसरा आहे. तो आमच्यासारख्याच कॉलेजाचा अर्ज आहे, तुमच्या हॅनफर्डपासून पंचवीस मिनिटांवरच्या. नाव, पत्ता, जन्मतारीख मी भरली आहे. विषयाच्या रकान्यात ‘गणित’ लिहिलं आहे. बदलायचं असेल तर खोड. वयाची अट नाही, मी आहे पुरावा. फक्त सही राहिली आहे. मला विद्यापीठ एप्रिलअखेर कळवणार. बोलावतील, न बोलावतील. तुझा अर्ज मात्र ते नाकारत नाहीत, येईल त्याला घेतात. तुला हा फाडावासा वाटेल, आणि फाडलास तर मी चकार शब्द काढणार नाही. पण एकटी फाडू नकोस. मला बोलाव, मी दीड तासात येते. बाबांनी पहिला कागद फाडला तेव्हा मी दाराआड उभी होते. या वेळी समोर उभी राहीन.

ना.